घंटेवाले काकांचा तक्ता

घंटेवाले काका कोणालाही "काय शिकला?" असं विचारत नसत. "किती घंटे शिकला?" असं विचारत. हा प्रश्न ते विद्यापीठातल्या आपल्या खिडकीतून विचारत, मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारत, आणि एकदा एका लग्नात त्यांनी तो नुकत्याच इंजिनियर झालेल्या नवरदेवाला विचारला होता. नवरदेव हसला. काका हसले नाहीत, उत्तरासाठी थांबले. शेवटी मुलीच्या मामाने त्यांना जेवायला नेलं.

जबलपूरच्या मराठीत तासाला घंटाच म्हणतात, तेव्हा शब्दाचं कोणाला काही वाटत नसे. वाटायचं ते याचं की काकांना खरोखर आकडा हवा असे. "खूप" हे उत्तर ते घेत नसत. "दिवसरात्र" असं कोणी म्हटलं की "दिवसरात्र म्हणजे चोवीस, मग झोपला कधी?" असं शांतपणे विचारून समोरच्याला ओशाळं करून सोडत. विद्यार्थ्यांनी त्यांना घंटेवाले बाबू असं नाव ठेवलं, मंडळातल्या पोरांनी त्याचं घंटेवाले काका केलं. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांची काही हरकत नव्हती, कारण नावात चूक नव्हती.

अंगाने सडपातळ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा त्यांचा बारा मिनिटांत संपायचा, पण खिडकी बरोबर अर्ध्या तासाने उघडायची. मधल्या वेळात ते भिंतीकडे बघत बसत. कोणी त्या वेळात काही विचारलं आणि त्यांनी चुकून उत्तर दिलंच, तर तेवढी मिनिटं खिडकी उशिरा उघडे. बाहेर रांगेतली मुलं चिडत आणि घड्याळाकडे बघत. काकांच्या मते घड्याळाकडे बघायची सवय वाईट नव्हती.

समकक्षता हा अवघड शब्द ते वयाच्या सातव्या वर्षी घरातच शिकले होते. त्यांचे वडील अमरावतीकडचे. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हा ते इकडे मास्तर म्हणून आले आणि इकडचेच झाले. पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूर एका राज्यात गेलं, जबलपूर दुसऱ्यात राहिलं, आणि वडिलांचं नागपूरचं सर्टिफिकेट परराज्यातलं ठरलं. ते इथल्या सर्टिफिकेटाच्या बरोबरीचं आहे असा दाखला मिळवायला त्यांनी दोन वर्षं कचेरीत खेटे घातले. तोवर ते मास्तर आहेत की नाहीत हे नक्की नव्हतं, पण वर्गात रोज जात होते. "आमचे बाबा खुर्चीवरून उठले पण नव्हते," काका सांगत, "अन् त्यांचं शिक्षण परदेशी होऊन गेलं."

पुढे युरोपातल्या देशांनी आपलं उच्च शिक्षण सुधारायचं मनावर घेतलं. इतकी वर्षं तिथे प्रत्येक देशाच्या पदवीचं माप वेगळं होतं, आणि एका देशातला पदवीधर शेजारच्या देशात गेला की त्याची गत काकांच्या वडिलांसारखी व्हायची. तेव्हा बऱ्याच देशांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून ठरवलं की पहिली पदवी साधारण तीन वर्षांची, दुसरी दोन वर्षांची, आणि शिक्षण मोजायचं ते क्रेडिटमध्ये. वर्षाला साठ, तीन वर्षांचे एकशे ऐंशी. याचा जबलपूरशी संबंध असा की आमची तीन वर्षांची बी.एस्सी. तोवर तिकडे सहसा कोणी धरत नव्हतं. आता त्यांचीच तीन वर्षांची झाल्यावर आमची नाकारायला त्यांना संकोच वाटू लागला. इकडची मुलं अर्ज करू लागली. अर्जाबरोबर विद्यापीठाने भरून द्यायचा एक तक्ता असे, त्यात विषय, घंटे आणि क्रेडिट. हा तक्ता कोणी भरायचा हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुलसचिवांनी एका खोलीवर 'अंतर्राष्ट्रीय समकक्षता प्रकोष्ठ', म्हणजे कक्ष, अशी पाटी लावली. आत एक टेबल, एक कपाट आणि काका.

दुसऱ्या कोणत्याही बाबूने प्रत्येक तक्त्यावर एकशे ऐंशी लिहून दिले असते. बाकी ठिकाणी तसंच चाललं होतं आणि त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. काकांनी मात्र त्या देशांची मार्गदर्शिका शब्दकोश घेऊन वाचून काढली. त्यात लिहिलं होतं की एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस घंट्यांचं काम. हे वाचून त्यांचं समाधान झालं नाही. पंचवीस की तीस, हे त्यांना कळायला हवं होतं.

योगायोगाने त्याच हिवाळ्यात तिकडचे तीन प्राध्यापक सहकार्याची बोलणी करायला विद्यापीठात आले. हार झाले, भाषणं झाली, कुलगुरूंनी भेडाघाटच्या संगमरवराचे हत्ती दिले. शेवटी कोणाला काही विचारायचं आहे का असं औपचारिकपणे विचारण्यात आलं, तेव्हा मागच्या रांगेतून काका उठले. जर्मनीच्या बाई म्हणाल्या, तीस. ऑस्ट्रियाचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे पंचवीस. हॉलंडचे म्हणाले, अठ्ठावीस. मग ते तिघं आपापसात बोलू लागले. ते बोलणं इतकं रंगलं की भेडाघाटची नौकाविहाराची वेळ टळली आणि पाहुण्यांना किनाऱ्यावरूनच परत आणावं लागलं. कुलसचिवांनी दुसऱ्या दिवशी काकांना बोलावून घेतलं. काकांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "इतके देश एक झाले, पण घंटा काही एक नाही करू शकले." तेव्हापासून ते प्रत्येक देशाला त्याच्या त्याच्या घंट्याने मोजू लागले.

यापेक्षा मोठी अडचण पुढे होती. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एका विषयाचे नव्वद घंटे छापलेले असत. काका ते छापील आकडे घेत नसत. ते स्कूटर काढून कॉलेजात जात आणि हजेरीपट मागत. एका प्राचार्यांशी त्यांचं झालेलं बोलणं जबलपुरात बरेच दिवस सांगितलं जात होतं. "अरे भैया, कोर्स तो पूरा हो गया था," प्राचार्य म्हणाले. "कोर्स पूरा हुआ होगा साहब," काका म्हणाले, "घंटे पूरे नहीं हुए." छापील नव्वद होते, रजिस्टरमध्ये एकसष्ट भरले. काकांनी एकसष्ट लिहिले. त्या कॉलेजच्या मुलांनी त्यांच्या खिडकीसमोर घोषणा दिल्या. घोषणा पाऊण तास चालल्या, हेही त्यांनीच नंतर सांगितलं.

माझं काम त्यांच्याकडे पडलं तेव्हा मी भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. करून घरी बसले होते. युरोपातली चार विद्यापीठं मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम चालवत, प्रत्येक सहामाही वेगळ्या देशात, शिष्यवृत्तीसकट. त्यात माझी निवड झाली होती, पण काकांचा तक्ता जायचा होता. तो वीस दिवसांत पोचला नाही, किंवा पोचून कमी भरला, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आमच्या घरातून कोणी जबलपूरबाहेर शिकायला गेलेलं नव्हतं. बाबा फॅक्टरीत होते. माझ्या लग्नाचं बोलणं दोन ठिकाणी सुरू झालं होतं, आणि ते थांबवायला या जागेशिवाय माझ्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

बाबा म्हणाले, घंटेवाले आपलेच आहेत, मंडळातले आहेत, मी येतो बरोबर. आम्ही गेलो. काकांनी आम्हाला बसवलं आणि पहिला मुक्काम कुठे आहे ते विचारलं. मी ऑस्ट्रिया म्हणाले.

"मग पंचवीसचा घंटा लागते. नशीबवान आहे पोट्टी," काका म्हणाले. "एकशे ऐंशीला साडेचार हजार घंटे. घेऊन ये."

बाबांनी घसा साफ केला आणि आपण सगळे मंडळातले, अशी सुरुवात केली. "म्हणूनच तर तोंडी सांगून राहिलो," काका म्हणाले. "बाहेरच्याला चिठ्ठी पाठवली असती." परत येताना मदन महल स्टेशनचं फाटक लागलं तेव्हा बाबा म्हणाले, की माणूस खराब नाही, पण याला मंडळात कोणी आणलं.

कॉलेजच्या रजिस्टरमध्ये माझे तीन वर्षांचे सोळाशे दहा घंटे निघाले. एका वर्षी प्राध्यापकांचा संप होता, एका वर्षी निवडणुकीची यंत्रं आमच्या प्रयोगशाळेत ठेवली होती आणि दीड महिना दारावर पोलीस बसला होता. मी आकडा ऐकून रडायला लागले. काकांनी मला रडू दिलं, मग म्हणाले की ते लोक घरचा अभ्यासही धरतात, फक्त तो सिद्ध झाला पाहिजे. लायब्ररीच्या वहीतून चारशे दहा निघाले. पाटनकडे आणि लमेटाघाटाला दगड बघायला नेलं होतं त्याचे दोनशे चाळीस. बसमध्ये बसलेले घंटे त्यांनी वजा केले होते, कारण बसमध्ये आम्ही अंताक्षरी खेळलो हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

मग एका रविवारी ते घरच्या घंट्यांसाठी आमच्याकडे आले. विद्यापीठातून माणूस येणार म्हणून आईने पडदे धुतले होते. काकांनी पोहे खाल्ले, वही उघडली आणि आईला साक्षीदार म्हणून समोर बसवलं. आजवर माझ्या शिक्षणाबद्दल आईला कोणीही काही विचारलं नव्हतं. फॉर्मवर सही बाबांची, पालकसभेला बाबा. आई पदर सारखा करून ताठ बसली आणि ठरवल्यासारखं सगळं खरं सांगू लागली.

मी पहाटे पाचला उठते हे तिने अभिमानाने सांगितलं. काकांनी लिहून घेतलं. "पण बापा, साडेसहापर्यंत तिचं डोकं पुस्तकावरच राहते," आई म्हणाली. "झोपलेलं."

बाबा खोकले. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. काकांनी पहाटेचे दीड घंटे काढून टाकले आणि संध्याकाळकडे वळले. संध्याकाळी मालिका बघताना पुस्तक मांडीवर असतं, पान उलटत नाही, हेही आईने सांगितलं. दुपारी मात्र मी खरंच वाचते, जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही, दोनदा वरण लागलं ते माझ्यामुळेच. काकांनी वरण लागल्याच्या तारखा विचारल्या. आईला एक आठवत होती. बाबांनी नंतर आईला विचारलं, तुला काहून एवढं सांगायचं होतं. आई म्हणाली, "विद्यापीठातून माणूस आला होता, त्याच्यासमोर खोटं बोलू?"

जाताना काकांनी गच्चीवर काय आहे ते विचारलं, कारण जिन्यावर त्यांना दगड दिसले होते. गच्चीवर माझे दगड होते. मदन महलच्या टेकडीवरून, नर्मदेच्या काठावरून, रस्त्याच्या खडीतून उचलून आणलेले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: कुठे मिळाला, कठीण किती, घासल्यावर रेघ कोणत्या रंगाची, लिंबू पिळल्यावर फेस येतो का. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, परीक्षेत येणार नव्हतं. आईला त्या दगडांचा राग होता कारण पापड वाळवायला जागा उरत नसे. बाबा त्याला वेड म्हणत. खरं सांगायचं तर मीही त्याला अभ्यास म्हणत नव्हते.

काकांनी दगड मोजले. दोनशे बारा भरले. मग त्यांनी मला तीन नवे दगड दिले आणि घड्याळ मनगटावरून काढून कठड्यावर ठेवलं. पहिल्याला चौदा मिनिटं लागली, दुसऱ्याला सव्वीस, तिसऱ्याला वीस. सरासरी वीस. उन्हात उभं राहून त्यांनी गुणाकार केला आणि सत्तर घंटे चाळीस मिनिटं असं वहीत लिहिलं. टेकडी चढायचा वेळ धरा ना, मी म्हणाले. तो व्यायाम, काका म्हणाले. पण जिना उतरताना थांबून त्यांनी आईला सांगितलं, "वहिनी, हे दगड फेकू नका. ह्याचे जवळजवळ तीन क्रेडिट होऊन राहिले." आईने पापड खालच्या अंगणात हलवले. माझ्या त्या दगडांना कोणी काही किंमत दिली ती पहिल्यांदा तेव्हा, आणि ती देणारा माणूस त्याच वेळी माझा टेकडी चढायचा वेळ कापत होता.

सगळी बेरीज चार हजार शंभर झाली. क्रेडिट एकशे चौसष्ट. सोळा कमी. त्यांनी एकशे चौसष्ट लिहून, सोबत आईची साक्ष आणि दगडांचा हिशेब जोडून, तक्ता तयार ठेवला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचीही त्याच ठिकाणी निवड झाली होती. तिने तक्ता काकांकडे नेलाच नाही. तिच्या मामाची कुठेतरी ओळख होती, तिला दोन दिवसांत एकशे ऐंशी मिळाले. हे कळल्यावर मी तडक राइट टाउनला काकांच्या घरी गेले. दार त्यांच्या मुलीने, वर्षाताईने उघडलं. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पाणी आणून दिलं. काका पेपर वाचत होते. तक्ता पाठवायला तीन दिवस उरले होते.

मी आधी विनवलं. मग भांडले. ऑफिसात जे बोलायची हिंमत झाली नव्हती ते सगळं त्यांच्या घरात बोलले. तुमच्या सोळा क्रेडिटपायी माझं सगळं अडून राहिलं, असं म्हणाले.

"सोळा माझे नाहीत, बेटा," काका म्हणाले. "माझे असते तर दिले असते."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा ताबा सुटला. "मी तुमची स्वतःची मुलगी असते तर लिहिले असते का तुम्ही एकशे चौसष्ट?" मी विचारलं.

काकांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. वर्षाताईने माझ्या हातातला पेला घेतला आणि आत गेली. मला वाटलं मी त्यांना निरुत्तर केलं. तशीच मी बाहेर पडले आणि स्कूटरवर घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

तक्ता गेला. उत्तर आलं की सोबतची साक्ष आणि दगडांचा हिशेब पाहून जागा दिली आहे, मात्र सोळा क्रेडिट पहिल्या वर्षात जादा करावे लागतील. सोळा क्रेडिट म्हणजे चारशे घंटे, हे मला आता कोणी सांगायला नको होतं. घरात पेढे वाटले गेले. मंडळातल्या सगळ्यांच्या पाया पडून मी निघाले, फक्त काकांकडे गेले नाही. आई म्हणाली, जाऊन ये. मी वेळ नाही म्हणाले.

ते पहिलं वर्ष मी काकांना शिव्या घालत काढलं. वर्गमैत्रीण शनिवार-रविवार वेगवेगळ्या शहरांत फिरायची आणि फोटो पाठवायची. मी प्रयोगशाळेत दगडांचे पातळ काप घासत बसायची. निवड समितीतल्या एक बाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या की तुझ्या आईचा जबाब आम्ही सगळ्यांनी वाचला, आणि तू अजून पुस्तकावर झोपतेस का. मी नाही म्हणाले. हे खरं नव्हतं. त्या वर्षी मी तिथल्या लायब्ररीत अनेकदा पुस्तकावर झोपले आणि जाग आली की तेवढी मिनिटं मनातल्या मनात वजा केली. वजा केल्याचं लक्षात आलं की पुन्हा काकांचा राग यायचा.

दोन वर्षांनी मी गणपतीत घरी आले तेव्हा काका प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढेच उभे होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पदवीचं विचारलं नाही, चार देशांचं विचारलं नाही. "झाले का ते चारशे?" म्हणाले. झाले, मी म्हणाले. "अच्छा," काका म्हणाले आणि रांग पुढे सरकली. मला माफी मागायची होती. पण पुढचा माणूस सरकला की सरकावं लागतं, तशी ती राहून गेली, आणि मग मी तिकडेच नोकरीला लागल्यावर दरवर्षी राहत गेली.

काका निवृत्त झाले. प्रकोष्ठाचं काम संगणकावर गेलं आणि संगणक सगळ्यांना सारखे क्रेडिट देऊ लागला. मी आता तिकडच्या एका विद्यापीठात शिकवते आणि परदेशातून आलेले अर्ज तपासणाऱ्या समितीवर बसते. जगभरातून तक्ते येतात. सगळे एकशे ऐंशी, गोल आणि स्वच्छ. माझे सहकारी मला चिवट समजतात, कारण मी प्रत्येक अर्जदाराला एक पत्र पाठवून विचारते की कोणी न सांगता तुम्ही काय केलंत आणि त्याला किती वेळ लागला. त्याची उत्तरं वाचण्यासारखी असतात.

मागच्या थंडीत आईने फोनवर काका गेल्याचं सांगितलं. मी सुट्टीत आले तेव्हा महिना उलटून गेला होता. राइट टाउनच्या घरी वर्षाताई एकटीच होती. शाळेतून आली होती, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर होता. थोडा वेळ काकांच्या आजारपणाचं बोलणं झालं. मग मी धीर करून म्हणाले की मी त्या दिवशी काकांना जे विचारलं होतं त्याची मला अजून टोचणी आहे.

"मी आतच होती," वर्षाताई म्हणाली. "तू म्हटलं ना, तुमची मुलगी असती तर. माझे तर बाबांनी सत्तरच लिहिले होते."

मला आधी कळलंच नाही. तिने सांगितलं. माझ्या तीन वर्षं आधी तिनेही अर्ज केला होता, वनस्पतिशास्त्राला, तिकडेच. तेव्हा काका फक्त रजिस्टरमधले घंटे धरत, कारण घरचेही धरतात हे मार्गदर्शिका वाचताना त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. सत्तर पाहून तिकडून चार ओळींचा नकार आला. नकार आल्यावर काकांनी तिकडे पत्र लिहिलं, की याशिवाय आणखी काय काय धरता ते कळवा. उत्तर यायला दोन वर्षं गेली. उत्तरात होतं की विद्यार्थ्याने स्वतः केलेलं सगळं काम धरतो. तोवर ती शाळेत लागली होती. पुन्हा अर्ज कर म्हणून काका मागे लागले, तिने केला नाही. त्या पत्रानंतर पहिला जो तक्ता त्यांनी केला तो माझा होता.

"मी त्यांच्यासमोरच बसून अभ्यास करायची," ती म्हणाली. "ह्याच टेबलवर. ते तिकडून फायली पाहून राहायचे, मी इकडून. सगळं त्यांच्या डोळ्यासमोर होतं. लिहिलं नाही, कारण लिहायचं असते हे माहीत नव्हतं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत बसले.

वर्षाताईने कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तोच तक्ता, पेन्सिलीने आखलेले रकाने, शाईने भरलेले. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात काकांनी तो केला होता. तिला काही विचारलं नव्हतं, सगळं त्यांना पाठ होतं. बारावीनंतरची उन्हाळ्याची सुट्टी कधी संपली, कोणत्या आठवड्यात तिला ताप होता, कोणत्या दिवशी वीज गेली म्हणून ती अंगणात खुर्ची टाकून बसली. कुंड्यांतली रोपं, त्यांना पाणी घालण्याचे घंटे वजा, त्यांची चित्रं काढण्याचे जमा. खाली बेरीज एकशे ब्याण्णव. खाली सही. शिक्का नव्हता, कारण निवृत्त माणसाला शिक्का मारायचा अधिकार नसतो.

मी तो कागद दोनदा वाचला. बेरीज तपासली, ती सवय आता माझीही आहे. बेरीज बरोबर होती.

"हा पाठवला असता तर चालला असता ना?" वर्षाताईने विचारलं.

शिक्का नसलेले तक्ते आमच्या समितीत वेगळ्या पेटीत टाकतात आणि त्यांना अपूर्ण असं कळवतात. माझ्या हातांनी मी तसे बरेच टाकले आहेत.

"चालला असता," मी म्हणाले.

तिने कागद जुन्या घडीवर घडी घालून कपाटात ठेवला. "बाबा 'नाही' म्हणाले असते," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.